कोलंबोहून परतताना: शेवटच्या तासातली स्वस्त खरेदी

श्रीलंकेहून ठाण्याला परतताना सोसायटीतल्या आठ-दहा घरांना काय न्यायचं? कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावर दोनच वस्तू घ्या, चहा आणि दालचिनी. दोन्ही हलक्या आणि रोजच्या वापरातल्या.

चहाच्या पुड्यावर तलवार धरलेला सिंह बघा. तो असला की चहा शुद्ध सिलोनचा आणि श्रीलंकेतच पॅक केलेला. मग ग्रेड वाचा. आपण दूध घालून उकळतो, म्हणून बीओपी (ब्रोकन ऑरेंज पेको, म्हणजे तुटक्या पानांचा चहा) किंवा त्याहून बारीक बीओपीएफ. ओपी म्हणजे लांब पान. दिसायला देखणं, पण दुधात फिकं पडतं. लाकडी डबे टाळा, बरेच पैसे डब्याचेच जातात.

दालचिनीत खरी गंमत आहे. सिलोनची कांडी आडवी धरून टोक बघा: कागदासारख्या पातळ साली एकात एक गुंडाळलेल्या, चिरूटासारख्या. बोटांनी सहज चुरते, वास गोडसर. आपल्याकडे किराणा दुकानात सर्रास मिळते ती कॅशिया: जाड, एकाच सालीची, कडक. 100 ग्रॅमचं एक पाकीट घेऊन घरी चार-पाच पुड्या करा, पाकिटं वेगवेगळी घेण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं.

कितुलची (ताडासारख्या एका झाडाची) काकवी शहरातून आणली असेल तर चेक-इन बॅगेत टाका. हातातल्या सामानात 100 मिलीवरची बाटली सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

कार्डाने पैसे देताना मशीनने भारतीय रुपये सुचवले तरी ते निवडू नका. दुकानाचं चलन ठेवा, नाहीतर दर महाग लागतो. उरलेल्या श्रीलंकन नोटा आधी संपवा.