उलटा बसलेला तुकडा

घाटरस्ता रुंद करायचा तर डोंगर कुठवर आणि किती उभा कापता येईल, हे सांगणं माझं काम. लोकांना वाटतं भूवैज्ञानिक म्हणजे हातोडी घेऊन कडे चढणारा माणूस. मी दिवसाचे पाच-सहा तास ताडपत्रीच्या सावलीत उकिडवा बसून लाकडी पेट्यांतले दगड मोजतो. ड्रिलनं काढलेला कोअर, म्हणजे दगडाचा लांब दंडगोल, पेटीच्या खणांत ओळीनं लावलेला असतो, डावं टोक वरचं. त्यावर पाणी ओतायचं, कारण ओला दगड जास्त बोलतो. मग भेगा मोजायच्या, दहा सेंटीमीटरहून लांब तुकड्यांची बेरीज करून आरक्यूडी, म्हणजे दगड किती अखंड आहे याची टक्केवारी, काढायचा आणि खाली सही करायची.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. देशावरून कोकणात उतरणारा घाट, सोनकी अजून पिवळी. समोरच्या डोंगरावर काळा कडा, त्याखाली गवताचा पट्टा, पुन्हा कडा, पुन्हा गवत. गाड्या थांबवून लोक फोटो काढतात ते याच पायऱ्यांचे. बहुतेक पायऱ्या म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो पुन्हा पुन्हा वाहिला आणि थिजला. आजही ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास मुलूख त्याखाली आहे. सह्याद्री हिमालयासारखा वळ्या पडून उठलेला नाही, ती त्या पठाराची पश्चिमेकडची तुटकी कड आहे. म्हणून तर कोकणातून तो छातीवर येतो आणि देशावरून जाताना कड्याच्या काठाशी पोहोचेपर्यंत पत्ता लागत नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगवते, तिथून अरबी समुद्र ७० किलोमीटरच्या आत, तरी ती पाठ फिरवून पार बंगालच्या उपसागराला जाते; सगळा उतारच तिकडे.

त्या पायऱ्यांत मधूनच एक तांबडी रेघ दिसते, पाणसळ लावून ओढल्यासारखी. आम्ही तिला रेड बोल म्हणतो. दोन लाव्हांच्या मध्ये जी उसंत मिळाली, तेवढ्यात खालच्या थराचा माथा कुजून माती झाली, आणि पुढच्या लाव्हानं ती भाजून काढली. फोटोत सुंदर दिसते. घाट कापणाऱ्याच्या पोटात मात्र तिनं गोळा येतो. वरच्या बेसॉल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या, भेगांतून उतरलेलं पाणी या मातीवर अडतं, माती साबणासारखी होते, आणि वरचा कडा बसायला तिच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

त्या दिवशी पाचव्या भोकाची पेटी समोर होती. १०.५० ते १२.०० मीटरचा रन, म्हणजे एका खेपेत कापलेली लांबी; रिकव्हरी, म्हणजे त्यातला हाती आलेला दगड, ९२ टक्के; सगळा घट्ट काळा बेसॉल्ट. मी जवळजवळ पुढे सरकलो होतो. पाणी ओतलं तर एका वीतभर तुकड्यात पांढऱ्या नळ्या चमकल्या. लाव्हा ओल्या जमिनीवरून वाहतो तेव्हा तळाशी वाफेचे बुडबुडे वर चढू लागतात, त्यांच्या वाटा म्हणजे या नळ्या. पुढे त्यांत झिओलाइट नावाचं पांढरं खनिज भरतं. दोन नळ्या चढताना एकमेकींना मिळतात आणि वर एकच उरते. इथं जोड उजवीकडे होता, म्हणजे खाली. तुकडा उलटा होता.

आता कोअर बाहेर काढताना एखादा तुकडा फिरतो, त्यात नवल नाही. म्हणून मी त्याची टोकं शेजारच्या तुकड्यांशी लावून पाहिली. कशीही फिरवली तरी जुळेनात.

ऑपरेटरकाका माझ्या वडिलांच्या वयाचे. मशीनच्या आवाजावरून ड्रिलचं टोक कशात आहे ते ओळखतात. म्हटलं, "काका, हा इथला नाही." ते बराच वेळ बिडी चोळत राहिले.

"तिसऱ्या भोकातला हाय, साहेब. केसिंगचा पाइप अडकला म्हून सोडलं ना ते भोक. हितं निम्माबी आला नव्हता. मशिनीचं पाणी लाल झालं, मग परत यायचंच बंद झालं. सुपरवायझर म्हनला, रिकव्हरी दाखवा, नायतर बिल अडकंल."

सुपरवायझरचंही अगदीच खोटं नाही, बिल खरोखरच अडकतं. ज्या कामात दगड हरवला हे कळणं हीच खरी बातमी, तिथं हरवलेल्या दगडाचे पैसे कापायचे असा करार कुठल्या शहाण्यानं लिहिला, कोण जाणे.

लाल पाणी म्हणजे तिथली तांबडी माती धुऊन गेली असणार. ती कुठं उघडी दिसते ते पाहायला दुपारी मी उताराच्या अंगानं खाली गेलो. वाडीतल्या एक आजी हंडा घेऊन चढत होत्या. त्यांना विचारलं, पाणी कुठून आणता? "तांबडीवरनं," त्या म्हणाल्या, जणू हे कुणालाही ठाऊक असावं. त्यांच्यामागून गेलो. कड्याच्या पायथ्याला हातभर जाडीचा लाल थर, आणि त्याच्या बरोबर वरून झिरपणारं बोटभर पाणी. अल्टिमीटर लावला. भोकाच्या साडेअकरा मीटर खोलीशी उंची जुळली, मीटरभर इकडेतिकडे. आम्ही लाखो रुपयांचं ड्रिल लावून जे लपवलं होतं, ते आजींच्या हंड्यात रोज भरत होतं.

शेजारी पुन्हा भोक मारायला लावलं. कोअर धुऊन जाऊ नये म्हणून दुहेरी नळीचं डबल ट्यूब बॅरल, पाण्याचा दाब कमी, अर्ध्या अर्ध्या मीटरचे रन. काकांनी असं काही हळुवार चालवलं की ५८ सेंटीमीटर लाल माती अखंड निघाली. ती त्यांनी स्वतः प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पेटीत ठेवली, वर ओलं पोतं टाकलं. कापाचा उतार कमी झाला, निचऱ्याची भोकं वाढली. वरिष्ठांनी अहवालातून अदलाबदलीचा उल्लेख काढून 'सुधारित नोंद' एवढंच ठेवलं. मी फारसा भांडलो नाही. काकांचं नाव मलाही नको होतं.

पण तो तुकडा सापडला तो केवळ उलटा बसला म्हणून. सुलटा असता तर टोकं जुळवून पाहायचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. गेल्या नऊ वर्षांत मी किती पेट्यांखाली सही केली, त्याचा हिशेब नाही. त्यातल्या दोन घाटांतून दर दिवाळीला गावी जाताना मी खिडकीतून काप बघत बसतो, तांबडी रेघ दिसते का म्हणून.