दुपारी मरणारी रेंज

विट्याजवळच्या एका पोल्ट्रीवर मी जानेवारीत वायफाय बसवून दिलं होतं. ईसी शेड, म्हणजे आतली हवा पंख्यांनी सांभाळणारं बंद शेड. भिंतींना पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम, वर पत्रा. पंखे बंद पडले की कंट्रोलर मोबाइलवर अलार्म देतो, म्हणून मालकांचा अर्धा जीव त्या ॲपमध्ये. उन्हाळ्यात बंद शेडातले पंखे थांबले तर पक्षी मरायला फार वेळ लागत नाही.

एप्रिलमध्ये काकांचा फोन आला. "इंजिनिअर, तुमचं वायफाय सकाळी ताठ असतंय आन् दुपारी मरतंय."

सकाळी आठला पोचलो. चुन्यातून पाय बुडवून, त्यांच्या चपला घालून आत गेलो. मोबाइलवर रेंजचा आकडा उणे 68. हा शून्यापासून जितका लांब, तितकी रेंज कमी. 68 म्हणजे चांगला. ॲप चालू, अलार्मची चाचणी पास. उन्हानं अडॅप्टर तापत असेल म्हणून तो बदलला. येताना एक रिपीटरही, म्हणजे आलेली रेंज पकडून पुढे फेकणारा डबा, आणला होता, तो आत लावून टाकावा आणि निघावं असा विचार होता. काका म्हणाले, "जेवून जावा, दुपारी बघा."

बरं झालं थांबलो.

जानेवारीत मी केलं काय होतं, तर घराच्या गच्चीवर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय फेकणारा डबा, लावून त्याचं तोंड शेडाच्या कूलिंग पॅडच्या बाजूला केलं होतं. पॅड म्हणजे पाण्यानं भिजवून आत येणारी हवा गार करणारी जाळीदार भिंत. बाकी सगळीकडून पत्रा. वायफायची लहर अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यातूनही पार होत नाही. पॅड तेवढं कागदाचं, म्हणून तीच आपली खिडकी, असं समजून मी स्वतःवर खूश होतो.

अकराच्या सुमारास पॅडच्या आतल्या बाजूला उभा होतो. खट्ट करून पॅडवर पाणी सोडणारी मोटार सुरू झाली. वरच्या पाइपातून पाणी झिरपायला लागलं, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला. हातात मोबाइल होता. उणे 69. मग 74. मग 80. कागद वरपासून खालपर्यंत काळपट झाला तेव्हा 84, आणि ॲपवर 'ऑफलाइन'. दर तीन आकड्यांना ताकद निम्मी होते. 68 वरून 84 म्हणजे चाळिसावा हिस्सा उरला. मायक्रोवेव्ह ओव्हन ज्या 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास पाणी तापवतो, तिथंच हे वायफाय. माझ्या खिडकीवर रोज दुपारी पाण्याचा पडदा पडत होता, आणि जानेवारीच्या थंडीत मोटार एकदाही लागली नव्हती!

म्हणजे अलार्मची खरी गरज ज्या वेळेला, नेमका त्याच वेळेला तो मुका.

रिपीटर पिशवीतच ठेवला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पत्र्याच्या आत रेंज न्यायची तर वायरच आत न्यावी लागते. काका वैतागले, "वायरच टाकायची तर वायफाय कशाला?" त्यांचं चुकत नव्हतं. पण वायर भिंतीपलीकडे जाण्यापुरतीच. संध्याकाळपर्यंत घरापासून तात्पुरती केबल ओढली, पॅनलला भोक पाडून ग्लँडमधून, म्हणजे भोक बंद ठेवणाऱ्या बुचातून, आत घेतली आणि ॲक्सेस पॉइंट शेडाच्या मध्यावर टांगला. प्लास्टिकच्या बंद डब्यात. लोखंडी डब्यात ठेवला असता तर पत्र्याच्या आत पुन्हा पत्रा. अमोनियानं तांब्याचे पिन काळे पडतात, म्हणून उघडाही ठेवता येत नाही.

पत्रा आतलंही बाहेर जाऊ देत नाही, हे इथं उपयोगी पडलं. शेवटच्या पंख्यापाशीसुद्धा उणे 58, मोटार चालू असताना.

माल, म्हणजे पक्षी, विकून गेल्यावर ती केबल काढून फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, पुरली. वळवाच्या विजा तांब्याच्या वायरीनं घरातून शेडात येतात, काचेतून येत नाहीत. दुसऱ्या फेरीचे पैसे घेतले नाहीत, पहिली चूक माझीच होती.

काकांनी मोबाइलवर वायफाय कॉलिंगही, म्हणजे मोबाइलची रेंज नसताना वायफायवरून फोन लागायची सोय, सुरू करून घेतलं. त्यांचा गडी मात्र माझ्यावर नाराज आहे. "आदी शेडात गेलं की मालकाचा फोन लागत नव्हता," म्हणाला, "त्येवढंच सुख हुतं."