चेरी श्रिंपची टाकी: आधी पाणी, मग जीव

गेल्या वर्षी दिवाळी संपल्यावर मी बैठकीच्या खोलीत, जिथे थेट ऊन कधीच येत नाही अशा भिंतीला लागून, ४५ सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद व उंच अशी काचेची टाकी मांडली. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केल्यावर तिच्यात साधारण ३२ लिटर पाणी मावते. टाकी लहान दिसत असली तरी पाणी, वाळू आणि काच मिळून वजन पन्नास किलोच्या घरात जाते. म्हणून खालचे लाकडी कपाट पाणसळ लावून तपासले आणि काचेवर ताण येऊ नये यासाठी टाकीखाली थर्माकोलचा पातळ तुकडा घातला. या टाकीत मला फक्त वनस्पती आणि लाल चेरी श्रिंप हव्या होत्या. मासा एकही नको होता, कारण बहुतेक मासे कोळंबीची पिल्ले खातात.

चेरी श्रिंप म्हणजे निओकॅरिडिना डेव्हिडी ही पूर्व चीन आणि तैवानकडच्या गोड्या पाण्यातली कोळंबी. निसर्गात ती तपकिरी, जवळजवळ पारदर्शक असते. तिचा लाल रंग पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणलेला आहे. पूर्ण वाढलेली मादीही तीन सेंटिमीटरच्या आसपासच भरते. आपल्याकडे तळ्यांत खाण्यासाठी वाढवतात त्या मोठ्या कोळंबीच्या अळ्यांना निमखारे पाणी लागते, चेरीची पिल्ले मात्र अंड्यातून बाहेर येतात तीच आईची बारीक प्रतिकृती होऊन, त्यामुळे घरातल्या टाकीत त्यांची वीण होऊ शकते. मला पाहायचे होते ते नेमके हेच.

तळाशी मी चार सेंटिमीटर धुतलेली काळी वाळू पसरली. कोळंबीसाठी विकली जाणारी खास माती पाण्याचा सामू (पीएच) आणि कार्बोनेटचा कठीणपणा खाली आणते. ती कॅरिडिना गटातल्या नाजूक जातींना उपयोगी पडते, चेरीला तिची गरज नाही. दगड निवडताना मात्र एक गोष्ट कामाची ठरली. आपल्या दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये पुष्कळदा पांढरे स्फटिक असतात आणि त्यांतले काही कॅल्साइटचे असतात. गोळा केलेल्या सात दगडांवर मी व्हिनेगरचे थेंब टाकले, तेव्हा दोन दगडांवर बारीक फेस आला. असा दगड पाण्यात हळूहळू विरघळून कठीणपणा वाढवत राहतो, म्हणून ते दोन्ही बाजूला ठेवले. लाकडाचा तुकडा दोन वेळा उकळून आठवडाभर बादलीत बुडवला. तरीही टाकीत गेल्यावर त्याच्यावर पांढरट, बुळबुळीत थर आला, परंतु तो निरुपद्रवी असतो आणि कोळंब्या तो आवडीने खातात.

वनस्पती मी मंद प्रकाशावर जगणाऱ्या घेतल्या: जावा मॉस, जावा फर्न, अनुबियास आणि क्रिप्टोकोरीन. फर्न आणि अनुबियास यांचा आडवा खोडासारखा भाग वाळूत पुरला तर तो कुजतो; म्हणून ती दोन्ही सुती दोऱ्याने लाकडाला बांधली. क्रिप्टोकोरीनची जवळजवळ सगळी पाने पहिल्या पंधरवड्यात विरघळून गेली, पण मुळे शाबूत असल्याने मी तिला हात लावला नाही आणि महिनाभरात नवी पाने फुटली. दुकानातल्या वनस्पतींवर कीटकनाशक असू शकते, आणि जी मात्रा माशाला जाणवतही नाही ती कोळंबीला मारते. हे ठाऊक असल्यामुळे सगळी रोपे आधी दोन आठवडे बादलीत ठेवून एक दिवसाआड पाणी बदलले होते. दिवा टायमरवर रोज सहा तास लावला. वातपंपावर चालणारा स्पंज फिल्टर बसवला, कारण त्यात पिल्ले ओढली जात नाहीत आणि स्पंजाच्या पृष्ठभागावर त्यांना चरायलाही मिळते.

यानंतर जे करायचे होते ते म्हणजे थांबणे. या छंदातले लोक त्याला सायकलिंग म्हणतात. उरलेले अन्न, विष्ठा आणि कुजलेली पाने यांतून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ कोळंबीला विषारी आहेत, तिसरा कमी प्रमाणात चालतो आणि वनस्पती तो वापरतात. हे जिवाणू स्पंजावर, वाळूवर, पानांवर सावकाश वाढतात आणि त्यांना वाढण्यासाठी आधी अमोनिया लागतो. म्हणून मी रिकाम्या टाकीत दर दोन दिवसांनी चिमूटभर माशांचे खाद्य टाकत होते आणि थेंबांच्या टेस्ट किटने मोजमाप वहीत लिहून ठेवत होते. सहाव्या दिवशी अमोनिया दशलक्ष भागांत दोन भाग झाला. चौदाव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत प्रथमच जांभळा रंग दिसला. तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी शेवाळाचा पातळ थर चढला. सासूबाईंनी एकदा विचारले, “अगं, आत काहीच नाही तर रोज उठून काय बघतेस?” मी त्यांना दोन्ही नळ्या दाखवल्या, आणि तेव्हापासून रंगाचा तक्ता धरून पाहण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. छत्तिसाव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, नायट्रेट वीस होते. तरीही मी आणखी दहा दिवस थांबले. कोळंबीला नुसते निर्विष पाणी पुरत नाही. दिवसभर खुडून खाण्यासाठी तिला पृष्ठभागांवरचा सूक्ष्मजीवांचा थर लागतो, आणि तो नव्या टाकीत लगेच येत नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला वीस चेरी आणल्या. पिशवीतले पाणी आणि टाकीतले पाणी यांत फरक असतो, म्हणून त्यांना भांड्यात घेऊन, बारीक नळीला गाठ मारून, सेकंदाला एक-दोन थेंब या गतीने टाकीचे पाणी त्यांच्यावर दोन तास सोडले. विसाच्या वीस व्यवस्थित राहिल्या. दहा दिवसांनी पाणी बदलण्याची वेळ आली, आणि तिथे माझ्या हातून मोठी चूक घडली.

आमच्या सोसायटीच्या टाकीत नळाचे, बोअरवेलचे आणि टँकरचे असे तिन्ही प्रकारचे पाणी येते. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण. त्याच्या मीटरने मी मोजले होते ते नळाचे पाणी, आणि ते १२० होते. टाकीतले १५० होते. त्या आठवड्यात नळाचा पुरवठा एक दिवस बंद होता, हे माझ्या लक्षातच राहिले नाही. मी पाणी चोवीस तास बादलीत ठेवले, क्लोरीन घालवणारे औषधही टाकले, परंतु पुन्हा मोजले नाही, आणि एकदम दहा लिटर बदलले. नंतर बादलीत उरलेले पाणी मोजले तेव्हा आकडा ६१० होता. टाकीतला आकडा एका तासात १५० वरून २९५ वर गेला होता. पुढच्या नऊ दिवसांत अकरा कोळंब्या मेल्या. बहुतेकींच्या डोक्याचे कवच आणि पोटाचा भाग यांच्या मध्ये सभोवार पांढरे कडे दिसत होते, म्हणजे कात टाकताना कवच जिथे मानेपाशी उलायला हवे तिथे न उलता मधोमध फाटले होते. अशी अडकलेली कोळंबी सहसा वाचत नाही. त्या दिवसांत मी रोज सकाळी टाकीजवळ जायला घाबरत असे. पंचेचाळीस दिवस ज्यांच्यासाठी थांबले, त्यांना मी एका बादलीने मारले, ही गोष्ट मला फार लागली.

उरलेल्या नऊ जणींसाठी मी महिनाभर पाणी बदलणे पूर्ण थांबवले आणि पाण्याची वेगळी व्यवस्था केली. झाकणाचा पन्नास लिटरचा एक पिंप आणला. घरच्या आरओ यंत्राचे पाणी ३५ टीडीएसचे असते. त्याच्या तीन भागांत बोअरचे ६१० चे एक भाग पाणी मिसळले की साधारण १८० येते आणि जर्मन मापाने एकूण कठीणपणा सातच्या आसपास राहतो. ज्या पाण्याने नुकसान झाले तेच मोजून घेतल्यावर कवचासाठी लागणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुरवते. बोअरच्या पाण्यात नायट्रेट जास्त असू शकते, म्हणून पिंप भरताना तेही तपासते. आता दर आठवड्याला फक्त तीन लिटर पाणी, तेही त्याच बारीक नळीने थेंबथेंब सोडून, बदलते. थंडीत पाणी कोमट करायचे झाले तरी गिझरचे पाणी घेत नाही, कारण काही गिझरच्या टाक्या आणि जोडनळ्या तांब्याच्या असतात आणि तांबे कोळंबीला अतिशय घातक आहे.

फेब्रुवारीत पंधरा नव्या कोळंब्या आणल्या. मार्चमध्ये एका मादीच्या मानेमागे पिवळसर खोगिरासारखा ठिपका दिसू लागला. ती अंडाशयातली अंडी असतात. काही दिवसांनी तिने कात टाकली आणि त्या संध्याकाळी टाकीतले सगळे नर सैरावैरा पोहू लागले, कारण कात टाकलेल्या मादीने पाण्यात सोडलेल्या रासायनिक संकेताचा माग ते काढत असतात. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटाखाली पंचवीसच्या आसपास अंडी होती आणि ती पोटाखालच्या पायांनी त्यांना अखंड वारा घालत होती. चोविसाव्या दिवशी रात्री बॅटरीच्या प्रकाशात मॉसच्या एका फांदीवर दोन मिलिमीटरचे पारदर्शक पिल्लू दिसले. मिशा, पाय, डोळे सगळे जागच्या जागी. मी सासूबाईंना उठवून दाखवले.

एप्रिलच्या शेवटी पाण्याचे तापमान ३१ अंशांवर गेले. उष्ण पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून टाकीवर संगणकातला लहान पंखा बसवला. बाष्पीभवनामुळे तापमान अडीच अंशांनी उतरले. मात्र बाष्प होऊन जाते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. त्यामुळे रोजची तूट पिंपातल्या पाण्याने भरली तर टीडीएस चढत जातो. ती निव्वळ आरओच्या पाण्यानेच भरावी लागते. पावसाळ्यात डासांसाठी सोसायटीत धूर फवारतात, तेव्हा वातपंप बंद करून टाकी ओल्या चादरीने झाकते आणि धूर ओसरल्यावरच पंप लावते, कारण पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो. डासांची कॉइल आणि फवारे त्या खोलीत आम्ही कायमचे बंद केले आहेत.

खायला आठवड्यातून तीनदा, तेही अगदी थोडे देते: गॅलरीतल्या कुंडीत बिनफवारणीचा वाढवलेला पालक क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून, आणि आवारातल्या देशी बदामाचे आपोआप गळलेले, वाळलेले तपकिरी पान धुऊन. पालक चार तासांत संपला नाही तर काढून घेते; बदामाचे पान मात्र तसेच ठेवते. दोन आठवड्यांत त्याची जाळी होते आणि पिल्लांची सगळी गर्दी तिथेच असते.

ऑगस्टमध्ये मोजदाद करताना साठनंतर माझे मोजणे चुकू लागले. ३२ लिटरमध्ये याहून जास्त जीव वाढवण्यात अर्थ नव्हता, आणि परदेशातली जात असल्यामुळे त्यांना ओढ्यात किंवा तलावात सोडणे हा पर्याय मी कधीच मानला नाही. समोरच्या इमारतीतल्या एका वहिनींनी त्यांच्या मुलासाठी बारा कोळंब्या मागितल्या. त्यांची टाकी नुकतीच भरलेली होती. मी त्यांना माझ्या स्पंजाचा एक जुना तुकडा, वही आणि टेस्ट किट दिले. मुलाने रोज संध्याकाळी आकडे लिहिले, आणि अमोनिया व नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य आल्यावर, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, आम्ही दोघांनी मिळून नळीला गाठ मारली आणि थेंब सोडायला सुरुवात केली.