वेळ कुठून काढता?

"मालिकेत रोज दिसता, वर म्हाताऱ्या तमाशा कलावंतांच्या मानधनाचे अर्जही भरत फिरता. एवढा वेळ काढता कुठून?" कुठेही गेलो की हे ठरलेलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: काढावा लागतच नाही. आमच्याकडे वेळ पडूनच असतो.

मी मालिकेतला मामा. कधी सरपंच, कधी नायिकेचा आजारी बाप. आम्हाला पैसे 'पर डे', आणि चेक बहुतेक ठिकाणी 90 दिवसांनी. मुंबईत मढच्या शूटिंगच्या बंगल्यात सकाळी सातचा कॉल टाइम, साडेसातला तोंडाला रंग, आणि पहिला शॉट जेवणानंतर. वाक्य एकच: "सूनबाई, हे मी काय ऐकतोय?" ते वाक्य तुम्हाला तीन वेळा वेगवेगळ्या बाजूंनी दाखवतात, म्हणून मी रोज दिसतो. कथेचा ट्रॅक बदलला की मामा गावाला जातो, तो पुन्हा येईलच असं नाही.

2020 मध्ये तर सक्तीचीच सुट्टी मिळाली. शूटिंगला परवानगी देताना सरकारने 65 वर्षांवरच्यांना सेटवर यायला मनाई केली. मी नुकतीच पासष्टी ओलांडलेली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, पण तोवर घरी बसून होतो. त्या चैत्रात गावोगावच्या यात्राही बंद. यात्रा नाही म्हणजे तमाशाला सुपारी नाही. नारायणगावात एरवी फडांच्या राहुट्यांपुढे यात्रा कमिट्यांची गर्दी असते, तिथे शुकशुकाट. ओळखीतल्या एका ढोलकीवाल्याचा फोन आला, "दादा, ते सरकारी मानधन आम्हाला मिळतं का हो?"

मिळतं. वय पन्नासच्या वर हवं, उत्पन्नाचा दाखला हवा, आणि एका वर्षात एका जिल्ह्यातून निवड होते शंभर जणांची. पूर्वी अ, ब, क अशा श्रेणी होत्या. 2024 पासून सगळ्यांना सरसकट महिना 5,000 रुपये. हे चांगलं झालं. म्हातारपणी कोण राज्य पातळीचा आणि कोण स्थानिक, हे ठरवत बसण्यात काय अर्थ होता?

गाडी अडते ती पुराव्यावर. ढोलकीवाल्याने ट्रंकेतून एक हँडबिल काढलं. घडीवर फाटलेलं, गुलाबी कागद पार विटलेला. वर फडमालकाचं नाव ठसठशीत, खाली नर्तकींची नावं, मग सोंगाड्या, आणि तळाशी 'व इतर संच'. बोटांना घट्टे पडेस्तोवर ज्याने ढोलकी वाजवली, तो या 'इतर'मध्ये. आमची नावंही पडद्यावरून अशीच पळतात, म्हणा. पण आम्हाला निदान करारपत्र असतं.

मग फडमालकाच्या मुलाकडून पत्र आणलं. एका गावच्या यात्रा कमिटीकडे जुना फोटो निघाला. त्यात गाणारणीच्या खांद्यामागे हा अर्धा दिसतो, ढोलकी मात्र पूर्ण. ग्रामपंचायतीने दाखला दिला. एवढ्यावर अर्ज पुढे सरकला, आणि त्याच्या ओळखीने आणखी चौघे दारात आले. तेव्हापासून हे चालू आहे.

सरकारी कचेरीत माझा खरा उपयोग चेहऱ्याचा. "अहो, तुम्ही ते मामा ना?" म्हणत टेबलावरचा माणूस उठतो, सेल्फी होते, आईला व्हिडिओ कॉल लागतो आणि अडकलेली फाइल वर येते. हे बरोबर नाही, मला कळतं. सोबतच्या बाईने चाळीस वर्षं फडात काढलेली असतात आणि खुर्ची मला मिळते. मी ती तिला देतो आणि सेल्फीला उभा राहतो.

यावर लोकांचा पुढचा प्रश्न तयार असतो: मग मालिका सोडून पूर्णवेळ हेच का करत नाही? अहो, सहा महिने पडद्यावर दिसलो नाही तर त्या टेबलावर मला कोण ओळखणार? म्हणून मिळेल ते काम घेतो. सध्या भटजी आहे. "मुहूर्त टळतोय" एवढंच म्हणायचं असतं, आणि लग्न मोडणार हे ठरलेलंच, त्यामुळे पुढच्या लग्नालाही मीच.