पट्टा बांधताना

आज संध्याकाळी बॉक्सिंगच्या सरावाच्या वेळी आमच्या बावन्न किलो वजनगटातल्या पोराच्या हेडगार्डचा, म्हणजे डोक्यावरच्या संरक्षक टोपीचा, पट्टा हनुवटीखाली सैल झाला होता, तो घट्ट करावा म्हणून मी हात वर केला आणि त्याने डोळे मिटून मान मागे घेतली. घडले ते एवढेच. पट्टा बांधून झाला, पुढची फेरी सुरू झाली आणि तो नेहमीपेक्षा बराच चांगला खेळला. माझे लक्ष मात्र तेव्हापासून त्या मिटलेल्या डोळ्यांवरून हललेले नाही, आणि रात्रीचे अकरा वाजून गेले तरी मी कूलरसमोर बसून तेच लिहितो आहे.

डोळे न मिटण्यासाठी या पोरावर मी दोन वर्षे घातली आहेत. दोरीला बांधलेला टेनिसचा चेंडू त्याच्या कपाळासमोर झुलवला, पॅडने गालावर हलक्या थापा मारत राहिलो, आणि न दिसलेला ठोसाच माणसाला आडवा करतो हे रोज एकदा तरी ऐकवले. आता समोरून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, आला तरी त्याची पापणी लवत नाही. गेल्या महिन्यात वजनाने चार किलो जास्त असलेल्या मुलासमोर उभा केला, तेव्हाही लवली नाही. ती लवली माझ्या रिकाम्या, उघड्या हातासमोर.

त्या हाताकडे मी आज बराच वेळ पाहिले. मूठ वळली की करंगळीच्या मागचा उंचवटा वर येत नाही, तिथे खळगा पडतो. रस्त्यावर भांडणाऱ्याचे हे हाड हमखास मोडते, कारण हातावर पट्टी नसते, ग्लोव्ह नसतो आणि रागाने फिरवलेला हात करंगळीच्या बाजूनेच समोरच्याच्या कवटीवर आदळतो. माझे मोडले ते मारबतीच्या, म्हणजे इडापिडेचे पुतळे गावाबाहेर नेण्याच्या मिरवणुकीत, गर्दीत पायावर पाय पडल्याच्या कारणावरून. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. भोवतीचे लोक ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडत होते आणि मी एका अनोळखी माणसाला मारत होतो. त्या माणसाचे पुढे काय झाले, हे मी कधी विचारले नाही.

म्हणूनच पोरांच्या हातांना पट्ट्या बांधताना मी घाई करत नाही. अंगठ्यात फास अडकवायचा, मनगटाला तीन वेढे द्यायचे, मग तळव्यावरून वर येऊन मुठीच्या हाडांवर पुन्हा तीन वेढे, बोटांच्या फटींतून एकेकदा, आणि शेवट परत मनगटावर. बावन्न किलोवाला तेव्हा निवांत हात पुढे करून बसतो आणि शाळेतल्या गमती सांगतो. त्या वेळी त्याला माझ्या हाताची भीती वाटत नाही. मग आज चेहऱ्याजवळ येताच का वाटावी?

संध्याकाळभर मला एकच संशय होता. मागच्या आठवड्यात चौकातल्या टपरीवर एका जुन्या ओळखीच्याने मला त्याच्यादेखत ‘काय बे बडग्या’ म्हणून, त्या मिरवणुकीतल्या पुतळ्याच्या नावाने, हाक मारली होती, आणि मी ती हसण्यावारी नेली होती. नाव कळले म्हणजे त्यामागची गोष्टही कोणीतरी सांगितलीच असणार. पंधरा वर्षे झाली मला कोणावर रागाने हात उचलून. या पंधरा वर्षांत पोरांचे जन्मदाखले, वैद्यकीय तपासण्या, प्रवेशअर्ज आणि रेल्वेची आरक्षणे मी केली. संघ बाहेरगावी निघाला की मॅनेजर म्हणून माझेच नाव लागते, आणि त्याचा अर्थ पहाटे वजन होईपर्यंत कोणी चोरून पाणी प्यायले नाही ना हे पाहत स्टेशनवर रात्र काढणे, एवढाच असतो. एके काळी माझ्या सावलीला पोरे उभी करायला लोक तयार नव्हते. २०२१ साली आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणने पोलंडमधल्या युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि त्यानंतर आयाच पोरींना घेऊन मैदानावर येऊ लागल्या, मला ‘सर’ म्हणू लागल्या. ते सगळे एका पापणीने पुसले, असे मला आज वाटले. फार वाईट वाटले.

अशा वेळी मला अमेरिकेतला बॉक्सिंग प्रशिक्षक कस डिमाटो आठवतो. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या गल्लीतल्या मारामारीत पोरवयातच त्याचा एक डोळा कायमचा अधू झाला होता. तरीही दोन्ही ग्लोव्ह्ज गालांना लावून त्यांच्या फटीतून समोर पाहत राहण्याची पद्धत आमच्यापर्यंत पोहोचली ती त्याच्याकडूनच. त्याने घडवलेला फ्लॉइड पॅटरसन १९५६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी हेवीवेट विजेता झाला. सुधारगृहातून आलेल्या माइक टायसनला तर त्याने घरीच ठेवले आणि आई गेल्यावर त्याचे पालकत्वही घेतले. टायसनने विजेतेपद मिळवले १९८६ मध्ये आणि म्हातारा गेला १९८५ मध्ये, हा भाग मी पोरांना सांगत नाही. भीती ही आगीसारखी असते, ताब्यात ठेवली तर अन्न शिजवते आणि सुटली तर घर जाळते, हे त्याचे म्हणणे मात्र दर महिन्याला सांगतो. त्यात प्रशिक्षकाच्याच भीतीचे काय करायचे, हे कुठे येत नाही.

सराव संपल्यावर मी त्या पोराला विचारलेही. ‘काही नाही जी सर’ म्हणाला आणि सायकलचे कुलूप काढू लागला. त्याच्या घरी काय चालते, हे मला ठाऊक आहे. ते इथे लिहिणार नाही.

जेवताना हे सगळे घरी सांगितले. मला वाटले होते की निदान इथे तरी कोणी गंभीरपणे ऐकून घेईल. ताटात भाकर टाकत ही म्हणाली, ‘खर्रा खाऊन पोराच्या तोंडाशी तोंड नेलं असन. मी पन डोये मिटते.’ पुढे दोन्ही पोरे इतकी हसली की माझा घास हातातच राहिला. वीस मुलांना तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी खिशात सापडली तर दहा फेऱ्या मारायला लावणारा मी, आणि माझी स्वतःची पन्नी स्कूटरच्या डिकीत असते, हे सगळ्या मैदानाला माहीत असणार. भूतकाळाने पाठ सोडली नाही म्हणून संध्याकाळभर स्वतःची कीव करत बसलो, आणि त्या भूतकाळाला कदाचित सुपारी-चुन्याचा वास येत होता. ही शक्यता मला मघापासून पटते आहे, आणि ती पटावी अशी माझीच इच्छा आहे, हेही मला कळते.

कारण खर्रा मी रोजच खातो. आणि मान मागे जाण्याआधी त्याचे डोळे मिटले होते. वासाने आधी नाक मुरडते.

पट्टा त्याचा त्यालाच बांधायला सांगावा, म्हणजे प्रश्न मिटला, असे मी जेवणाआधी ठरवले होते. मोठ्या पुरुषांच्या हौशी स्पर्धांतून २०१३ पासून हेडगार्ड गेलेच आहे, हा सोळाचा आहे, तेव्हा स्पर्धेपुरते म्हटले तर तीनेक वर्षांचाच प्रश्न आहे. पण मग लक्षात आले की एकदा ग्लोव्ह्ज चढवले की कोणालाच स्वतःचा पट्टा बांधता येत नाही. उद्या साडेपाचला पुन्हा हात वर करावा लागेल. डिकी सकाळीच रिकामी करतो.