आमची वाटचाल : धुऱ्यावरून सूर्याकडे

2009 साली परभणीत एका शटरच्या गाळ्यात आम्ही जमिनीच्या सर्व्हेचं काम सुरू केलं. वडील 33 फुटी साखळीवाले. चारी बाजूंनी साखळी फिरली की एक गुंठा, एवढा साधा हिशोब. माझ्याकडं जुनं टोटल स्टेशन होतं, म्हणजे उपग्रहाशिवाय, प्रकाशकिरणानं अंतर आणि कोन मोजणारं तिपाईवरचं यंत्र. लेआउट, शेततळी, चाऱ्या, मिळेल ते काम घ्यायचो. 2021ला कर्ज काढून आरटीके जीपीएस, म्हणजे उपग्रहांच्या सिग्नलवर बारीक मोजणारं यंत्र, घेतलं. बेस, म्हणजे एका जागी थांबणारा रिसीव्हर, तिपाईवर ठेवायचा आणि रोव्हर, म्हणजे फिरत्या रिसीव्हरची काठी घेऊन हिंडायचं. दोन-तीन सेंटिमीटरमध्ये बिंदू हातात. पुढची दोन-अडीच वर्षं हप्ते वेळेवर गेले, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

मार्च 2024. दोन भावांच्या रानांमधला धुरा, म्हणजे बांध, मोजायचा होता. काम लांबलं, रात्रीचे आठ वाजले. स्क्रीनवरचं ‘फिक्स’ (बिंदू पक्का) जाऊन ‘फ्लोट’ (बिंदू अजून कच्चा) आलं आणि घाईत आमच्या पोरानं तशीच खुंटी ठोकली. सकाळी पुन्हा मोजलं तर खुंटी दीड हात धाकट्याच्या रानात! धाकटा म्हणाला, “सायेब, थोरल्यानं किती दिले?”

मशीन विक्रेत्याकडं धाडली. ठणठणीत आहे म्हणून परत आली. शेवटी कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या मित्रानं कोडं सोडवलं. उपग्रहाचा सिग्नल वातावरणाच्या वरच्या, आयनांबर नावाच्या थरातून खाली येतो. सूर्य जोरात असला, म्हणजे त्यावरचे डाग आणि स्फोट वाढले, की तिथं विद्युतभारित कण वाढतात. विषुववृत्ताजवळच्या आपल्या पट्ट्यात मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास सूर्य मावळल्यावर त्या थरात कमी कणांचे बुडबुडे उठतात, सिग्नल लुकलुकतो. म्हणजे दोष मशीनचा नव्हता. फ्लोटवर खुंटी ठोकली, हा मात्र आमचाच.

तेव्हापासून मला सूर्याच्या बातम्यांचा नाद लागला. त्याच वर्षी 10 मेला, ऐन अक्षय तृतीयेला, तीव्र सौरवादळाचा इशारा आला. सूर्यावरच्या एकाच डागसमूहातून विद्युतभारित कणांचे ढग एकामागून एक पृथ्वीकडं सुटले होते. शनिवारचं काम मी टोटल स्टेशनवर उरकलं. आरटीके लावलंच नाही, त्यामुळं आमच्याकडं काय झालं असतं ते सांगता येत नाही. अमेरिकेत मात्र ऐन मका पेरणीत जीपीएसवरचे ट्रॅक्टर थांबले आणि लडाखात हानलेचं आकाश लाल दिसलं. 2003नंतरचं ते सगळ्यांत मोठं वादळ.

आपल्या इस्रोचं आदित्य-एल1 यान जानेवारी 2024पासून पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर राहून सूर्याकडं बघतंय. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेनं केलीय. दुसरं उपकरण सूर्याची तबकडी झाकून कायमचं ग्रहण लावतं, म्हणजे सुटलेला ढग दिसतो. तो पोचायला साधारण एक ते तीन दिवस. पण खरी गोम पुढंच आहे. ढगातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडं वळलेलं असेल तरच पृथ्वीला मोठा दणका, आणि ते कळतं ढग यानावरून जाताना. तिथून हातात उरतो अर्धा-पाऊण तास. आमच्या मराठवाड्याला हे नवं नाही. आभाळ भरून येतं, पण पडेल का हे अंगावर थेंब येईस्तोवर कळत नाही.

आता फ्लोटवर खुंटी नाही. बेस जवळ ठेवतो, महत्त्वाचा बिंदू तासाभरानं पुन्हा घेतो. टोटल स्टेशन विकायला काढलं होतं, ते ठेवून घेतलं.

धाकट्या भावानं यंदा शेततळ्याची आखणी आम्हालाच दिली. “फक्त सकाळी या,” म्हणाला.