मोथ्याचा वास

आषाढ. रात्रीचे साडेदहा. पाऊस थांबलाय, लाइन आहे.

कालपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. वहिनींना वास आला आणि मला आला नाही.

सांगायला गेलं तर एवढंच. काल संध्याकाळी सपरीत बसलो होतो. शिराझ, म्हणजे लाल वाइन, नाशिकची, दिंडोरीकडची. फ्रिजमधून काढून जरा वेळ बाहेर ठेवलेली, म्हणजे १७-१८ अंशांवर आली असेल. ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास, तळाशी ५० मिलिलिटर, वर वास साठायला मोकळी जागा. जेवणाआधीची वेळ, घरात फोडणी पडलेली नाही, अंगाला साबणाचा वास नाही. सगळं जसं असायला हवं तसं. वहीत रंग लिहून झाला होता: गडद जांभळा, काठाला लाली. वासात पिकलेलं जांभूळ, थोडं लाकूड, मागून व्हॅनिला. तेवढ्यात वहिनी वावरातून आल्या. हातपाय धुऊन आत जाताना वाटेत ठेवलेला ग्लास त्यांनी उचलून कडेला सरकवला. सरकवता सरकवता थांबल्या आणि नाकाशी नेला.

वहिनींनी तो ग्लास हातात घेतला हेच मोठं. का, ते इथं लिहीत नाही.

"भाऊजी, यात मोथ्याचा वास येते."

"मोथ्याचा?"

"आज दिवसभर तेच तर उपटून राह्यलो आमी. हाताले अजून हाय तो वास. तुमाले नाई येत का?"

मी ग्लास फिरवला, नाक आत घातलं, श्वास घेतला. जांभूळ, लाकूड, व्हॅनिला. हाताने झाकून ठेवला, थोड्या वेळाने पुन्हा घेतला. घोट घेऊन तोंडातून हवा ओढली, नाकामागून काही वर चढतं का पाहिलं. काही नाही. तोवर वहिनी आत गेल्या होत्या. त्यांना त्याचं काही वाटलंही नाही.

मला वाटलं. रात्री झोप लागली नाही.

वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर वासांचं चक्र चिकटवलेलं आहे, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात अॅन नोबल यांनी १९८४ साली मांडलेलं. मधे ढोबळ गट, बाहेर जाऊ तसे नेमके वास. मसाल्याच्या गटात काळी मिरी आहे. शिराझच्या प्रत्येक बाटलीच्या मागच्या लेबलवर मिरी असते, वाइनवर बोलणारा प्रत्येक माणूस शिराझ म्हटलं की आधी मिरी म्हणतो. माझ्या वहीत शिराझच्या एकाही पानावर मिरी नाही. जे आलं नाही ते लिहायचं नाही, हा नियम मी पहिल्या पानापासून पाळला. त्याचा अभिमानही होता. वाटायचं, लोक लेबल वाचून मिरी म्हणतात, मी नाकाने वाचतो.

काल रात्री मोबाइलवर शोधत बसलो. शिराझमधल्या मिरीच्या वासामागे रोटंडोन नावाचं एकच द्रव्य आहे. ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी ते २००८ साली जाहीर केलं. द्राक्षाच्या सालीत असतं, थंड हवेतल्या द्राक्षात जास्त. रेड वाइनच्या एका लिटरमध्ये १६ नॅनोग्रॅम असलं तरी माणसाला कळतं. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. काळ्या मिरीतही तेच. आणि हे द्रव्य मुळात सापडलं होतं ते नागरमोथ्याच्या गाठींत, १९६७ साली. आपला मोथा. पऱ्हाटीत, सोयाबीनमध्ये, धुऱ्यावर, सगळीकडे उगवणारा, वरून कापला तरी जमिनीतल्या गाठींतून चार दिवसांत पुन्हा डोकं काढणारा.

त्यापुढची ओळ वाचली आणि मोबाइल ठेवून दिला. त्या अभ्यासात वास घ्यायला बसवलेल्या लोकांपैकी जवळपास २० टक्क्यांना रोटंडोन कळलंच नाही. पाण्यात लिटरला ४००० नॅनोग्रॅम घालूनही नाही. बाकीचं सगळं नीट येतं, हेच तेवढं नाही.

पाचातला एक. म्हणजे मी.

इतकी वर्षं नाकाला शिकवतोय. बाजारात जाऊन एकेक मसाला डोळे मिटून हुंगला. कोथिंबिरीची काडी वेगळी, पान वेगळं. पहिल्या पावसानंतर दर वर्षी वावरात उभा राहून काळ्या मातीचा वास लिहून ठेवला. आणि जिने आयुष्यात घोट घेतला नाही, घेणारही नाही, तिला एका श्वासात आलं. तिला कुणी शिकवलं नाही, तिने कधी वही ठेवली नाही. वाईट वाटलं, आणि ते मत्सराचं होतं. वहिनींचा मत्सर! त्यांच्याजवळ हेवा करावा असं आयुष्याने फार काही ठेवलेलं नाही, तरी नाकाचा हेवा वाटला.

त्यांचं म्हणणं मी उडवूनही लावू शकत नाही. बोर्दोमध्ये २००१ साली वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिच्यात लाल वाइनचे वास लिहिले. डोळ्यांनी नाकाला पढवलं. वहिनींना ग्लासात काय आहे ठाऊक नव्हतं. बाटली आत होती, सपरीत तोवर फारसा उजेड उरला नव्हता, शिराझ हे नाव त्यांनी ऐकलेलं नाही. त्यांच्या नाकाला कुणीच काही सांगितलं नव्हतं. त्यांना जे आलं ते त्यात होतंच.

सकाळी त्यांच्यामागे वावरात गेलो. विळ्याने मोथा उकरून गाठी काढल्या, दगडावर ठेचल्या. वास आला मला. ओली माती, थोडा कापरासारखा थंडावा, लाकडाची बारीक कड. मग त्यांना दिल्या. "हाच," म्हणाल्या. मला आला तो वेगळा आणि त्यांना आला तो वेगळा, आणि दोघांच्या हातात गाठ एकच. घरी येऊन खलबत्त्यात मिरे कुटले. झणका आला, लिंबासारखं काहीतरी, शिंका आल्या. म्हणजे मिरीही येते मला. पण तुम्हा सगळ्यांना जी मिरी येते ती मला कधीच आलेली नाही, आणि माझ्या मिरीत काय कमी आहे ते मला कळण्याचा मार्ग नाही. हे दिवसभर बोचत राहिलं. कमी आहे हे माहीत आहे, काय कमी आहे ते माहीत नाही.

दुपारी जेवताना एकदम लक्षात आलं. पाटोडीच्या रश्शात मी नेहमी मिरे वाढवायला सांगतो. लहानपणापासून. आई म्हणायची, याच्या जिभेवर पत्रा आहे. मिरीचा तिखटपणा पिपरीन नावाच्या वेगळ्या द्रव्याचा, त्याचा वासाशी संबंध नाही. तो मला पुरेपूर लागतो. मी बहुधा आयुष्यभर तिखट वाढवून वास भरून काढत आलो. एका पंगतीला, एका भांड्यातला रस्सा आम्ही सगळे जेवलो आणि मी वेगळाच रस्सा जेवत होतो. दिवाळीच्या पहाटे अंगाला लावलेल्या उटण्यात नागरमोथा असतो. तेही तसंच. दादाला तो वास यायचा का, हे त्याला कधी...

असो.

संध्याकाळी जुनी पानं चाळली. राग आणायचा म्हणूनच चाळली होती, पण आला नाही. शिराझच्या पानांवर जांभूळ आहे, जळक्या साखरेची कड आहे, एका पानावर ओल्या चामड्याचा वास आहे जो मला अजून आठवतो. मिरीचा रकाना रिकामा आहे आणि तो रिकामाच बरोबर आहे. माणसाच्या नाकात वास ओळखणारे जवळपास ४०० प्रकारचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. त्यांचा शोध लावणाऱ्या रिचर्ड अॅक्सल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं. हे ग्राहक ज्या जनुकांमधून येतात ती माणसागणिक थोडी वेगळी. माझ्यातलं एखादं चालत नसेल. वहिनींच्यातही दुसरं एखादं चालत नसेल, आणि त्यांना ते कधी कळणार नाही, कारण त्यांच्याशेजारी ग्लास घेऊन कुणी बसणार नाही. हा विचार आल्यावर जरा हलकं वाटलं. पूर्ण नाही.

नवी बाटली आणली तरी मिरी मला येणार नाही. सराव करून येणारी ही गोष्ट नाही, हे आता पक्कं आहे, आणि गंमत म्हणजे या पक्केपणानेच आज शांत वाटतंय. इतकी वर्षं मनात कुठेतरी वाटत होतं की पुढच्या शिराझमध्ये येईल, अजून थोडं लक्ष दिलं की येईल. ते ओझं उतरलं. आता शिराझमधलं बाकीचं सगळं माझं आहे, ते मी नीट लिहीन.

रात्री भांडी आवरताना वहिनींना विचारलं, पुढची बाटली उघडली की नुसता वास घ्याल का? ग्लास मी धरतो, तुम्ही हातही लावू नका. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, विचारायला नको होतं.

मग म्हणाल्या, "वास घेईन. पन लेकरं झोपल्यावर. अन् आधी खालच्या वावरातलं निंदण होऊ द्या."